खालचं पान

हरिचंद्र रोज सकाळी स्वतःच्या शेतावर जायला आमच्या सोसायटीच्या गेटवर सही करतो. वहीत रकाने आहेत: नाव, मोबाइल, कोणाकडे, आत, बाहेर. 'कोणाकडे' या रकान्यात काय लिहायचं हे पहिल्या दिवशी त्यालाही कळेना आणि वॉचमनलाही. जमिनीकडे, असं लिहून भागत नव्हतं, वहीला फ्लॅटचा नंबर लागतो. मी दूध घेऊन तिथून चाललो होतो. म्हणालो, लिहा दोनशे तीन. दोनशे तीन म्हणजे मी. त्याला आता सात वर्षं झाली. कागदोपत्री हा माणूस रोज माझ्याकडे येतो, प्रत्यक्षात पहिल्या पाच वर्षांत माझ्या घरात तो उणापुरा दहा वेळा आला असेल.

सोनिवलीतली ही सगळी जमीन एके काळी त्याच्याच घराण्याची. चार भाऊ. तिघांनी आपापला हिस्सा बिल्डरला दिला आणि गाड्या घेतल्या. हरिचंद्राने आपले सहा गुंठे दिले नाहीत. बिल्डरने वाद घातला नाही, त्याने फक्त भिंत बांधली. तीन बाजूंनी आमचं कंपाउंड, चौथ्या बाजूला काँक्रीटने बांधून काढलेला नाला आणि त्यावर काटेरी तार. कागदावर हरिचंद्राला वाट आहे, पण ती आमच्या गेटातून जाते. फ्लॅट विकताना जे रंगीत माहितीपत्रक आम्हाला दिलं होतं, त्यात हे सहा गुंठे हिरवे रंगवले होते आणि खाली लिहिलं होतं 'लँडस्केप गार्डन'. मी हटून गार्डनच्या बाजूचा फ्लॅट घेतला. राहायला आलो त्या सकाळी खिडकी उघडली, तर गार्डनमध्ये एक माणूस बनियनवर उभा राहून केळीला शेण घालत होता.

मी महेंद्र. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात दोन खोल्यांत वाढलो आणि एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. पोरांसाठी कांद्याच्या मुळ्या उगवायच्या, त्यांचे काप करून काचपट्टीवर ठेवायचे, सुट्टी झाली की बरण्या धुवायच्या. प्राध्यापक आले आणि गेले, बरण्या मीच धुतल्या. पण एकतीस वर्षं कानावर पडलेलं कुठे जात नाही. म्हणून हरिचंद्र केळीला फडकं का बांधतोय हे त्या इमारतीतल्या ऐंशी घरांत फक्त मला कळलं.

त्याची केळ साधी नव्हती. त्याची आई रखमा लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून मुठेळी जातीच्या केळीचा एक मुनवा, म्हणजे केळीच्या बुडातून फुटलेलं पिल्लू, पदराखाली धरून आली होती. त्या एका मुनव्याची पुढे बाग झाली. केळीला बी नसतं. एका खोडाची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं, असाच तिचा वंश चालतो. म्हणजे हरिचंद्राच्या सहा गुंठ्यांत उभी होती ती रखमाने आणलेलीच केळ. आई वारली, केळ राहिली. मग जमिनीत मर रोग शिरला. आधी सगळ्यात खालच्या पानाची कड पिवळी पडते, मग वरची पानं, मग खोड उभं चिरतं. मातीत शिरलेला हा रोग वीस-वीस वर्षं जात नाही. मी आलो तेव्हा अकरा बेटं होती. दोन पावसाळ्यांनी सात उरली.

हरिचंद्राला एका कृषिमेळाव्यात कुणीतरी सांगितलं की रानकेळीला हा रोग लागत नाही. त्याने मनाशी ठरवलं, आईच्या केळीचा आणि रानकेळीचा संकर करायचा. शाळा सातवी. आधी तो चंदेरीच्या डोंगरावरून कवदर घेऊन आला आणि दोन वर्षं तिचा पराग लावत बसला. कवदर दिसते केळीसारखी, पण तिचं केळीशी नातं जुळत नाही. मी खिडकीतून ओरडून सांगितलं की भाऊ, हे बैलाचं लग्न म्हशीशी लावणं झालं. मी दुसऱ्या मजल्यावर, तो खाली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. पण त्याला राग आला नाही. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा वर आला, पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसले आणि विचारलं, मग खरी रानकेळ कुठे मिळेल. सावंतवाडीकडच्या एका रोपवाल्याकडून आम्ही ती मागवली. तिला रोग लागू नये म्हणून त्याने ती गावठाणात आपल्या घरामागे लावली.

चहा पिताना मी त्याला समजावलं. बहुतेक जिवांत आईचा एक आणि बापाचा एक असे गुणसूत्रांचे दोन संच असतात. खायच्या केळीत असतात तीन. दोघांत वाटणी होते, तिघांत भांडण होतं, म्हणून बी धरत नाही. हजारात एखाद्या फुलात चुकून वाटणी जमते. हरिचंद्र म्हणाला की आम्ही तर चौघं होतो. संध्या, माझी बायको, हसायला लागली, पण तो हसत नव्हता.

रानकेळीला फुलं आली आणि कामाला सुरुवात झाली. मुठेळीच्या घडाचं एक पातं रोज उचललं जातं आणि खालची एक फणी उघडते. ती फुलं मादी. रानकेळीच्या बोंडातली, म्हणजे केळफुलातली, नरफुलं त्यांच्या तोंडाशी घासायची आणि वर धोतराचं फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी फणी. सात-आठ दिवस, एकही दिवस चुकवायचा नाही. हरिचंद्र बांबूची शिडी लावून सकाळी सहाला चढायचा.

शिडी आली आणि तक्रार आली. पहिल्या मजल्यावरच्या बायकांना वाटलं, हा माणूस बाथरूमच्या खिडकीत बघतो. त्याच महिन्यात पार्किंगमधून दोन मोटरसायकली चोरीला गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. कमिटीची बैठक बसली आणि ठराव झाला: बाहेरच्या व्यक्तीला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात प्रवेश. त्या ठरावाखाली सात सह्या आहेत. पाचवी माझी आहे. मला वाटलं, आठला आला तर काय बिघडतं.

पुढच्या दोन वर्षांत त्याने नऊ घडांना पराग लावला. घड पिकवायचा, एकेक केळं कुस्करून चाळणीत पाण्याने धुवायचं, बी शोधायचं. नऊ घडांत बी एकही नाही. आणि तोवर बेटं उरली होती दोन. मी त्याला शहाणपणा शिकवायचो, फडकं घट्ट बांध, बोंड ओल्या कपड्यात आण. एकदा वैतागून म्हणालो की हरिचंद्रभाऊ, फुलाचं तोंड पहाटे ओलं असतं, उन्हं आली की सुकून तपकिरी होतं, तुम्ही पहाटे का करत नाही?

तो खाली बघत म्हणाला, "आठला सोडतान ना, सर."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला खाली उतरलो. गेटाबाहेर फुटपाथवर हरिचंद्र बसलेला होता, मांडीवर ओल्या फडक्यात बोंड. तो रोज साडेपाचपासून तिथे बसायचा, कुणाला दया आली तर लवकर सोडतील म्हणून. दोन वर्षं. मी रोज आठनंतर खिडकी उघडत होतो, म्हणून मला तो फक्त आतला दिसला होता.

माझा बाप भीमराव गावात असताना दुसऱ्याच्या विहिरीपासून अंतर राखून उभा राहायचा, वरून कुणी पाणी ओतेल याची वाट बघत. ती गोष्ट त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितली की आम्ही कंटाळायचो. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. मला आयुष्यात पहिल्यांदा एक गेट मिळालं आणि मी त्याच्या आत उभा राहून दुसऱ्याला बाहेर बसवलं. मला माझी लाज वाटली. हे लिहितानाही वाटते.

मी सर्वसाधारण सभेत वेळ बदलायचा ठराव मांडला. नाल्याकडच्या दोन म्हाताऱ्यांनी आणि मी हात वर केले, बाकी पालथ्या घड्यावर पाणी. सेक्रेटरी म्हणाला, काका, त्याला सांगा जमीन विकून टाक, सगळ्यांचा त्रास जाईल. खरं तर सगळे त्याचीच वाट बघत होते. पाणी तोडायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं आठचे सहा होऊ द्यायचे नाहीत.

मग आम्ही दुसरं केलं. उरलेल्या दोन बेटांतल्या एकाला घड निसवला, खोडातून बाहेर आला. पहिलं पातं उचलायच्या आदल्या दिवशी हरिचंद्र नेहमीसारखा आत आला आणि बाहेर गेलाच नाही. सहाला मी खाली गेलो, वॉचमनशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलत राहिलो आणि त्याच्या नावापुढे 'बाहेर'च्या रकान्यात सही ठोकली. असे आठ दिवस, सकाळी 'आत' आणि संध्याकाळी 'बाहेर', दोन्ही सह्या माझ्याच. तो आपल्याच जमिनीत आपल्याला कोंडून घेऊन राहिला, पंप ठेवायच्या पत्र्याच्या खोपटात. दिवा नाही, खोकायचं नाही. त्याची बायको चिमी पहाटे नाल्याच्या पलीकडच्या काठावर यायची, लांब बांबूच्या टोकाला भाकरीचं फडकं आणि रानकेळीची नरफुलं बांधून तारेवरून अलीकडे द्यायची. तीन दिवसांनी तिने मला रस्त्यात गाठून विचारलं की आमच्या माणसाला किती दिवसांची शिक्षा आहे. मी म्हणालो पाच राहिले. चिमी हसली, पण डोळे पुसत गेली.

शंभर-सव्वाशे दिवसांनी घड उतरवला. पिकल्यावर त्यांच्या पडवीत आम्ही तिघं बसलो, चाळणी आणि पाण्याची बादली घेऊन. एकशे चाळीसच्या वर केळी होती. नव्वद झाली तरी काही नाही. चिमी म्हणाली, निदान शिकरण तरी केली असती. आणि मग चाळणीत टक्क वाजलं. काळं, मिऱ्यापेक्षा जरा मोठं, कडक. हरिचंद्राने ते तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ तळहात मिटला नाही. शेवटपर्यंत तीन निघाली. पाण्यात टाकली. एक तरंगलं, म्हणजे पोकळ. दोन तळाला गेली.

माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत विचारतो, असं मी म्हणालो. अशा बीतला अंकुर अशक्त असतो, कधीकधी बी फोडून तो काचेच्या नळीत वाढवावा लागतो. पण त्याच दिवशी फोन आला, माझ्या मुलीला, तेजलला, नाशिकला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायच्या आधीच. संध्या आणि मी रात्रीच्या गाडीने निघालो. जाता जाता हरिचंद्राला म्हणालो, बी जपून ठेवा. त्याने मान डोलावली. एवढंच बोललो. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाने एवढंच सांगितलं.

सोळा दिवसांनी परत आलो. नात झाली होती, पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो. हरिचंद्राने देवळीतून लहानसं मडकं काढलं, तोंडाला फडकं बांधलेलं. सोडलं, आत राख. राखेत बोट घालून त्याने दोन बिया काढल्या आणि अभिमानाने माझ्यापुढे धरल्या. त्याच्या घरात भाताचं, वालाचं, भोपळ्याचं बी असंच ठेवतात: आठ दिवस कडक उन्हात वाळवायचं, राखेत घोळायचं, चुलीच्या धुराजवळ ठेवायचं, म्हणजे कीड लागत नाही. रखमाने त्याला शिकवलेलं. त्याने दोन बिया आठ दिवस पत्र्यावर वाळवल्या होत्या आणि कावळा नेईल म्हणून दिवसभर शेजारी बसून राहिला होता.

केळीचं बी ओलं असतानाच पेरायचं असतं. सुकलं की ते झोपी जातं आणि बहुतेक उठत नाही. हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, आणि जितक्या वाईट आवाजात सांगता येईल तितक्या वाईट आवाजात सांगितलं. अडाणी म्हणालो. चिमीच्या हातात पेढा तसाच राहिला. हरिचंद्राने बिया परत मडक्यात ठेवल्या, मग त्यालाच कळलं की ते चुकीचं आहे, पुन्हा बाहेर काढल्या, आणि हातात धरून त्या कुठे ठेवायच्या हे न सुचून तसाच उभा राहिला. मी घरी आलो आणि मग आठवलं की अडाणी कोण ते. मी सांगायला हवं होतं. भाताचं बी ज्याने पन्नास वर्षं राखलं, त्याला बी जपायला सांगितलं तर तो काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. तो म्हणाला, राहू द्या, बाळ-बाळंतीण बरी आहे ना?

सुकलेलं बी आता प्रयोगशाळेत नेण्यात अर्थ नव्हता. बियांची टरफलं आम्ही पॉलिश पेपरने हलकी घासली, चार दिवस पाण्यात भिजवल्या आणि दोन डब्यांत पेरल्या. डबे माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवले, कारण त्याच्या शेतात उंदीर होते. आता हरिचंद्र खरोखर दोनशे तीनमध्ये यायला लागला. रोज सव्वाआठला, पाय पुसून, डब्यांत बघायचा आणि खाली जायचा. तीन महिन्यांनी एक बी उकरून पाहिलं तर आत नुसता चिखल. दुसरं उकरायची हिंमत माझ्यातही नव्हती. तेवढ्यात खाली दोनांतलं एक बेट गेलं आणि शेवटच्या बेटाचंही खालचं पान पिवळं पडलं. आषाढात ते बेट कोसळलं. रखमाची केळ संपली. सहा गुंठ्यांत आता नुसतं गवत होतं, तरी हरिचंद्र रोज सही करून आत येत होता, आणि ग्रिलमधला तो डबा सोडला तर त्याला आत यायचं काही कारण उरलं नव्हतं. सेक्रेटरीने मला जिन्यात विचारलंसुद्धा, आता तरी विकेल ना?

पेरल्यापासून सात महिने झाले होते. संध्या ग्रिलमध्ये कपडे वाळत घालत होती आणि डब्यातलं गवत उपटायला तिने हात घातला. मग हात मागे घेऊन मला हाक मारली. सुईएवढं, गुंडाळलेलं, पोपटी. सकाळी हरिचंद्र आला, त्याने पाहिलं, आणि तो माझ्या घरात पहिल्यांदा खुर्चीवर बसला. तो रडला. मीही रडलो, लपवण्यात काय अर्थ आहे.

पाच पानं झाली तेव्हा वाद झाला. मी म्हणत होतो की ड्रममध्ये लावू, चांगली विकतची माती घालू, गच्चीवर ठेवू, पिल्लं फुटू दे, मग बघू. खालच्या मातीत रोग आहे. हे रोप त्या रोगापुढे टिकेल की नाही कुणालाच माहीत नाही. मोजून एक रोप आहे, मेलं तर मागे काही नाही. हरिचंद्राने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, गच्चीवर कमिटी ठेवू देईल? मी म्हणालो नाही देणार, पण खिडकीत राहील. त्याने ग्रिलकडे पाहिलं, सगळ्या बाजूंनी गज, मध्ये डबा.

"डब्यान जगंल, पन तिथंच ऱ्हाईल, सर. मना भिंत पाडता येत नाय, माती बदलता येत नाय. मना या मातीन जगनारी पायजे."

पुढच्या श्रावणात त्याने डबा खाली नेला आणि शेवटचं बेट जिथे कुजलं होतं त्याच खड्ड्यात रोप लावलं. मी म्हणालो निदान चार हात बाजूला लावा. तर म्हणाला, खोटी परीक्षा कशाला घ्यायची.

आता रोप माझ्या कमरेएवढं आहे. पान रुंद, देठाला तांबूस झाक, ती रानकेळीची असावी. आठची वेळ बदललेली नाही. हरिचंद्र अजून साडेपाच-सहालाच गेटाबाहेर येऊन बसतो, सवयीने, आता पराग लावायचा नसला तरी. मी उठतो, चष्मा लावतो, खिडकीतून खाली बघतो आणि मग गेटावर जातो. आमचं बोलणं ठरलेलं आहे. तो गजांच्या बाहेरून विचारतो, खालचं पान? मी आतून म्हणतो, हिरवं. मग तो तंबाखू मळायला घेतो. असे पाच महिने गेले.

आज सकाळी मी चष्मा पुसून पुन्हा लावला. खालच्या पानाच्या कडेला बोटभर पिवळी रेघ होती. जुनं पान असंच पिवळं पडतं, केळीचं खालचं पान कधी ना कधी जायचंच, हे मी स्वतःला जिन्याच्या प्रत्येक पायरीवर सांगत उतरलो. गेटाशी पोचलो. हरिचंद्र फुटपाथवरून उठला, गजांना धरून उभा राहिला.

"खालचं पान?"

"हिरवं," मी म्हणालो.

त्याने तंबाखूची पिशवी काढली. आठ वाजायला अजून पावणेदोन तास होते.